भावोजींचे शंभर मेगाहर्ट्झ

आदरणीय भावोजी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात.) इकडे मी आणि बाबा ठीक. तुमची सर्दी आणि ताईचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा आहे.

तुम्ही पाठवलेला ऑसिलोस्कोप पोचला. विजेच्या लहरी डोळ्यांना दाखवणारं यंत्र, तेही तळहाताएवढं, आणि खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘शंभर मेगाहर्ट्झ’, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके टिपण्याची ऐपत! इतक्या स्वस्तात मिळवावं तर तुम्हीच. त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीतली भरतकामवाली आपल्या यंत्राचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आली. शाळेचे तीनशे बिल्ले सोमवारी द्यायचे, आणि यंत्र दर चार टाक्यांनी रुसतंय. कार्डावर एक क्रिस्टल असतो, यंत्राचं काळीजच म्हणा. त्याचे ठोके सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख पडायला हवेत. तुमच्या ऑसिलोस्कोपने दहा लाख दाखवले. पण लहर काय होती, भावोजी! गुळगुळीत, ठाम, जराही न थरथरणारी. (सराईत थापाड्या कधी अडखळत नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.) मी क्रिस्टल बदलला. दहा लाख. पुन्हा बदलला. दहा लाख. तिसऱ्या खेपेला कार्डावरची एक तांब्याची रेघही जाळली, आणि सुटे भाग विकणाऱ्या काकांना फोन करून, मेलेला माल विकता म्हणून चांगलं फैलावर घेतलं.

काका सायकलवरून आले. पंचवीस वर्षांत त्या माणसाने मला एक खराब तुकडा दिलेला नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि ऑसिलोस्कोपचं वेळेचं बटण एक घर फिरवलं. दहा लाखांचे चाळीस लाख झाले.

“क्रिस्टलला हात लावला का मी?”

“नाही.”

“मग बोलतंय कोण?”

मला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. आपलं यंत्र सेकंदाला अडीच कोटी वेळाच लहरीकडे डोकावतं, बटण फिरवलं की त्याहून कमी, आणि मधलं सगळं अंदाजाने जोडतं. (शेजारी रोज ठीक आठला खिडकीतून डोकावला, तर आपण जन्मभर चहाच पितो असं त्याचं मत होणार.) शंभर मेगाहर्ट्झ खोक्यालाच झेपतात, आतल्याला पाच. त्यापुढची लहर ते खुजी करतं, चौकोनी असली तर गोल करतं. मी माफी मागितली. काका म्हणाले, “आवाजाच्या लहरींना उत्तम आहे. भाजीच्या काट्यावर म्हैस तोलू नये, इतकंच.”

एवढा वेळ स्टुलावर बसून असलेल्या भरतकामवालीने मग केसांतली पिन काढली आणि कार्डाच्या खोबणीतून बोटभर लाल दोऱ्याचा गुंता ओढून काढला. “हा इथे असायला हवा का हो?” मी जाळलेली रेघ जोडून दिली (त्याला दोन तास गेले), तिने कार्ड नेऊन लावलं, आणि यंत्र धडधडत सुटलं. बिल्ले सोमवारी पोचले. आता ती मला ‘इंजिनिअरबाई’ म्हणते, आणि म्हणताना हसते.

असो. भेटवस्तूबद्दल पुन्हा एकदा आभार.

आपली मेहुणी

ता. क. : बाबांसाठी त्याच दुकानातून रक्तदाब मोजायचं यंत्र धाडताय, असं ताई म्हणाली. खरं तर पत्र त्यासाठीच. कृपा करून धाडू नका.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवण्याआधीच ते आलं. बाबांचा रक्तदाब एकशे वीस-ऐंशी निघाला, आणि त्यांनी तिथल्या तिथे गोळ्या बंद केल्याचं जाहीर केलं. माझं ते ऐकत नाहीत, जावयाचं ऐकतात. पत्र मिळताच फोन करा. मी पुरावा देऊन पाहिला. पट्टा खुर्चीच्या हाताला गुंडाळला, तिथेही एकशे वीस-ऐंशी. बाबा म्हणाले, “खुर्ची सागवानी आहे. तिला काय धाड भरलीय?”