घास गिळल्यावर बोलावे

मी, वय एकोणतीस, धंदा फोटोंना फ्रेम बसवण्याचा, शिक्षण आठवीपर्यंत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मला हंटिंग्टन हा दुर्मीळ, आनुवंशिक आजार आहे. त्यात मेंदू हळूहळू झिजतो, हातपाय आपोआप हलतात, गिळणं बिघडतं. तरी आज मला सगळं समजतं, असं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं आहे. तो कागद सोबत जोडला आहे.

१. दुकानाचा गाळा व बँकेतली शिल्लक दादाला. त्याची तपासणी निर्दोष आली, याहून मोठी इस्टेट आमच्या घरात नाही.

२. काच कापायचा हिरा आणि करवती वहिनीला. दादाला हात लावू देऊ नये. त्याने कापलेल्या काचेला चारच कोपरे निघतील याची खात्री नाही.

३. मामांना काही नाही. बाबांना हाच आजार होता. त्यांचा तोल गेला की मामा चारचौघांत म्हणायचे, "आले वाटतं दाजी पिऊन!" आता मीही तसाच चालतो आणि चहापलीकडे काही घेत नाही, एवढं त्यांना वाचून दाखवावं.

४. जेवणाचं टेबल विकू नये. बाबा होते तेव्हा तिथे थट्टा-विनोदांचा इतका गोंगाट असे, की भिंतीपलीकडचा शिंपी ओरडायचा, "शेवट ऐकू आला नाही, परत सांगा!" बाबांची वाटी कलंडली की आई म्हणायची, "टेबलालाही भूक लागते हो."

सतत हलण्यामुळे मला दुप्पट अन्न लागतं. मागच्या महिन्यात दादा म्हणाला, "दोघांचं जेवतोस, एकाएवढाही दिसत नाहीस. खिसे दाखव बघू!" मी हसलो आणि पाणी श्वासनलिकेत गेलं. तेव्हापासून दादा मान खाली घालून जेवतो. वहिनी चमचासुद्धा वाजू देत नाही. गिळणं शिकवणाऱ्या ताईंनी "तोंडात घास असताना हसू नकोस" एवढंच सांगितलं होतं. घरच्यांनी अख्खं जेवणच मुकं करून टाकलं.

५. पुढेमागे घास अडकून मी गेलो, तर दोष आजाराचा. दादाचा नाही, त्याच्या विनोदाचाही नाही. कोणी त्याला तसं बोललं, किंवा त्याने स्वतःला लावून घेतलं, तर माझी इच्छा मोडली असं समजावं.

६. बाकीची कलमं माझ्यामागे. हे मात्र आजच्या जेवणापासून लागू. मी हनुवटी खाली घेईन, एक घास दोनदा गिळेन आणि चमचा ठेवेन. चमचा ठेवलेला दिसला की दादाने थट्टा सुरू करावी.

सही वेडीवाकडी आली आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर (सही) २. समोरचे चाव्यावाले (सही)

स्थळ: दुकान. तारीख: १२ मार्च.