उलट्या घिरटीचा नियम

ता. २ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. शिलाईयंत्रांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यापासून फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला ऑफिसात ओरडता येत नाही. तेव्हा आपलं टपालच बरं.

कामाचं विचारतेस. आमच्या खेळात चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक सोंग घेतो. कुणी जादूगार, कुणी चोर. बाकी सगळं फासे ठरवतात. सध्या मी नवं सोंग लिहितोय, ‘गगनस्वार’. पंखवाल्या घोड्यावरून लढणारे सरदार! नियम असा की, घोड्याने हवेत उलटी घिरटी घेतली की स्वाराने फासा टाकायचा. एक आला तर तो पडला आणि मेला. साहेब म्हणतात, स्वार घोड्याला कसा बांधलाय ते आधी सांग, मग पाड. आता उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे तू कारखान्यात तपासतेस, त्यातलं तुझ्याहून जास्त कोणाला कळतं? सोबत चित्र आहे. घोड्याला हसू नकोस, मीच काढलाय.

धाकटा पुलाच्या रंगकामावर रमला का? त्याला म्हणावं, खाली उतरल्यावर तरी दादाला चार ओळी लिही.

लोभ आहेच, तो मात्र तपासायला घेऊ नकोस.

तुझा
थोरला

---

ता. ७ मार्च

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. सहातला एक माणूस मरतो आणि तुम्ही त्याला खेळ म्हणता? आमच्याकडे एक शिवण उसवली तरी साहेबांचं जेवण जात नाही. चित्रामागे लिहिलंयस की मेलेल्याला लगेच दुसरं सोंग मिळतं, ते वाचलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. तरी तुझे सरदार बिनडोकच. अंगावर नखशिखान्त चिलखत, आणि बांधलंय कशाने, तर कमरेच्या एका दोरीने!

आमची रीत ऐक. वाळूच्या पोत्याला पट्टा चढवायचा, पोतं आकड्याला उभं टांगायचं, तासभर ठेवायचं, मग माझी सही. बावीस वर्षांत माझ्या सहीचा एकही पट्टा परत आलेला नाही. हे तू हजारदा ऐकलंयस, पुन्हा एकदा ऐक.

उलटं मात्र आम्ही कधीच टांगत नाही. माणूस काय वटवाघूळ आहे? पण तुझ्या घोड्यापायी तेही करून बघते. धाकट्याच्या टोळीला दिले त्यातलाच एक जुना पट्टा घरी पडलाय. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा पोतं भरते.

वेळेवर जेवत जा, आणि आईची आठवण फक्त पट्ट्यांपुरती ठेवू नकोस.

तुझी
आई

---

ता. ९ मार्च, बसथांब्यावरून

चि. थोरल्यास,

पट्टा सुटला.

पोतं उलटं टांगलं आणि चष्मा पुसते तोवर धाडकन आवाज झाला. मलासुद्धा ऐकू आला, म्हणजे बघ. स्वयंपाकघरभर वाळू. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा बांधलं, पुन्हा सुटलं. उभ्या माणसाच्या अंगावर बकलाची जीभ आपल्याच वजनाने खाचेत बसते, म्हणून आतली स्प्रिंग ढिली झालेली कळतच नाही. माणूस उलटा झाला की तीच जीभ बाहेर घरंगळते. बावीस वर्षं मी ती उभीच तपासली रे! माझा माझ्यावरच विश्वास बसत नाहीये.

शेजारच्या नर्सबाईंकडून धाकट्याच्या मुकादमाला फोन करवला. पुलाला रविवारची सुट्टी नाही. तो म्हणाला, माणसं वर आहेत, संध्याकाळी उतरली की सांगतो. संध्याकाळी! मी निघालेय. बसला वीस मिनिटं आहेत आणि नुसतं बसवत नाही, म्हणून हे लिहितेय. मांडीवर कागद ठेवलाय, अक्षर लावून घे.

आई

---

ता. १२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घे, आलं माझं पत्र. आता टोमणे बंद.

आई बसमधून उतरली ती थेट पुलाखाली. पायात घरच्या चपला, केसांत वाळू. मुकादमाला म्हणाली, सगळ्यांना आत्ताच्या आत्ता खाली घ्या. तो म्हणाला, बाई, आधी कारखान्याचा कागद आणा. तेव्हा तिने आपलं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं आणि सांगितलं की, या पट्ट्यांवरची सही माझी आहे आणि ती मी मागे घेतेय. सगळी टोळी वरून बघत होती. खोटं कशाला सांगू, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी मुकादमाने सगळ्यांना उतरवलं. मग आम्ही बेचाळीसच्या बेचाळीस पट्टे पोत्यांना बांधून तुळईला उलटे टांगले. सात सुटले. एकेक पोतं पडत होतं आणि मुकादम बोटांवर मोजत होता. तुझा फाशाचा नियम आईने मला नंतर सांगितला. बेचाळिसात सात म्हणजे सहात एक. मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. तू आकडा कुठून आणलास रे?

आता पुढचं आईला कळता कामा नये. मागच्या महिन्यात दोरात पाय अडकून मी दोनेक मिनिटं उलटा लोंबकळत होतो. सगळे हसले, मीही हसलो. मुकादम ओरडत होता, हात सोड, पट्टा आहे की! मी सोडले नाहीत, ते निव्वळ घाबरलो म्हणून. रविवारी तिसरं पोतं पडलं तो पट्टा माझा होता, नंबर एकोणीस. आई वहीत लिहून घेत होती. मी सांगून टाकलं की तो काम सोडून गेलेल्या माणसाचा.

तेव्हापासून हातांच्या सारख्या मुठी वळतात. तू ये एकदा.

तुझाच
धाकटा

---

ता. २० मार्च

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

तू दोन दिवस राहून गेलास, बरं वाटलं. कारखान्याने जुने पट्टे सगळीकडून परत मागवलेत. साहेबांनी माझ्याशी अबोला धरलाय, पण उलटं टांगायचा आकडा माझ्याच टेबलाजवळ ठोकून दिलाय. काल पहिली सही केली. पेन उचलायलाच पाच मिनिटं लागली. परत न आलेल्या पट्ट्यांची फुशारकी मी आता कधी मारणार नाही. ते परत का आले नाहीत, हे मला ठाऊकच नव्हतं.

एक गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. एकोणीस नंबर काम सोडून गेलेल्याचा, असं धाकट्याने सांगितलं. त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याची शिवण आहे. धाकट्याच्या खांद्याला काचतं म्हणून ती मीच घरी घातली होती. दोरा दिसला तेव्हाच मी पट्टा ओळखला. तरी वहीत मी त्याने सांगितलं तेच लिहिलं. त्याने का लपवलं ते मी विचारत नाही. तुला माहीत असेल तर सांगू नकोस.

जाताना म्हणालास, तो नियम काढून टाकतो. काढू नकोस. त्याच्याखाली एवढंच लिही : ज्याने चढायच्या आधी आपला पट्टा स्वतः उलटा टांगून पाहिला, त्याने फासा टाकायचा नाही.

लोभ तपासायला घेऊ नकोस म्हणाला होतास. घेतला. उभाही टांगला, उलटाही. सुटला नाही.

तुझी
आई