आधी गाडी, मग फोन

८ मार्च, रविवार
आज आई-बाबांसोबत आरमोरीकडे मुलगी पाहायला गेलो. साधना. गडचिरोलीला नर्सिंग केलेलं. आवडली. एकदम आवडली. रोजनिशी आपलीच आहे, लाजायचं कशाला.

निघताना ती अंगणात आली, माझ्या काळ्या गाडीकडे पाहिलं आणि हसत म्हणाली, "गाडी चितळासारखी दिसून राह्यली तुमची." सगळे हसले. मीही हसलो. मग कुरखेड्याला घरी येईपर्यंत बोनेटवरचे ठिपके मोजत होतो.

गाडी मी दर रविवारी धुतो. पण आमच्या बोअरिंगचं पाणी क्षाराचं. जिथे थेंब वाळला तिथे पांढरा ठिपका. यात माझा दोष शून्य.

पाडव्यानंतरच्या रविवारी तिच्याकडचे घर पाहायला येणार. तीही येणार. तोवर गाडीवर एक ठिपका राहणार नाही. संकल्प.

९ मार्च, सोमवार
आईने साधनाचा नंबर दिला. तिच्या आईनेच पाठवला म्हणे, पोरापोरींनी बोलून घ्यावं. आज करणार नाही. तिने गाडीचं विचारलं तर? आधी गाडी, मग फोन.

१० मार्च, मंगळवार
ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे आपलं. गिऱ्हाईक नव्हतं. ठिपक्यांचे व्हिडिओ पाहिले. फार लांब असतात. सारांश कळला की बंद करतो. सारांश: लिंबू.

११ मार्च, बुधवार
लिंबू चोळलं. भर उन्हात, म्हणजे जोरात काम करेल. मग जेवलो. जेवल्यावर थोडा पडलो. उठून पाहिलं तर ठिपके जिथल्या तिथे, वर लिंबाचे ओघळ. चितळ होतंच, आता वाघाचे पट्टेही आले.

आई म्हणाली, "धुतल्याबरोबर फडक्यानं पुसून घे नं बावा. सुकू कायले देते?" आईला पेंटमधलं काही कळत नाही. पुसल्याने ओरखडे पडतात, असं कुठेतरी वाचलंय. शिवाय धुतल्यावर दम लागतो. मग चहा लागतो.

१४ मार्च, शनिवार
नवी योजना. ऊन निघायच्या आत धुवायची. पहाटे पाचचा गजर लावला.

१५ मार्च, रविवार
गजर वाजला असेल. उठलो तेव्हा ऊन होतं, पण कोवळं. धुतली. ठिपके.

बाबा तलावावरून मासे घेऊन आले. पाटी खाली ठेवता ठेवता विचारलं, पोरीले फोन केला काय. म्हटलं, उद्या.

१७ मार्च, मंगळवार
मूळ पाण्यातच दोष, तर पाणीच बदलायचं. फिल्टरच्या थंड पाण्याचे कॅन आणले. बोनेट झालं आणि पाणी संपलं. बाकी गाडी बोअरिंगवर. बोनेट चकाचक, त्यामुळे बाकीचं जास्तच उठून दिसतं. पाहुण्यांना फक्त समोर उभं करता येईल का, यावर विचार चालू.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
गाडीची पूजा. आईने बोनेटवरच तेलकुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं. धार्मिक बाब आहे, काय करणार.

फोन केला नाही. सणाच्या दिवशी लोक कामात असतात.

२० मार्च, शुक्रवार
सापडला उपाय! स्पिरिट. मेडिकलमध्ये इवलीशी बाटली मिळते, गाडी केवढी. व्हिडिओखाली एकाने लिहिलंय, दारूही चालते. आपला जिल्हा दारूबंदीचा. गावात चोरून दारू पुरवणाऱ्या बिरजूला गाठलं. म्हटलं, विज्ञानासाठी पाहिजे. तो म्हणाला, "सारेच तसं म्हणतेत." संध्याकाळी मोहाच्या दारूच्या दोन बाटल्या आल्या.

२१ मार्च, शनिवार
एका बाटलीने पूर्ण गाडी पुसली. ओली होती तोवर आरसा. वाळली, ठिपके परत. दुसरी बाटली सीटखाली ठेवली होती, ती लवंडली. दारं उघडी ठेवलीत, वास जाईल. मला तर आत्ताच येत नाही.

आईने फोनचं विचारलं. उद्या भेटणारच आहे, फोन कशाला?

२२ मार्च, रविवार
यशस्वी दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी गाडी धुतली. पुसणारच होतो, पण एसटीची वेळ झाली. तोंडाला बरा वास यावा म्हणून मूठभर वेलची चघळली. स्टँडवर साधना, तिचे वडील लटारूभाऊ आणि आई आशाबाई. आशाबाई त्यांच्या गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष आहेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईच्या मते तिने दोनदा सांगितलं होतं.

गाडी सुरू केली तोच आशाबाई म्हणाल्या, थांबवा. मला भर बाजारात खाली उतरवलं. "हा करा." केलं. वेलचीचा वास आल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. परत करायला लावलं. गर्दी जमली. शेवटी मी खरं सांगितलं. त्यांनी बोनेटला नाक लावलं, मग सीटखाली वाकल्या, आणि जाहीर केलं, "पोट्टा नाई पेला. गाडी पेली."

सगळा स्टँड हसला. लटारूभाऊ तर पोट धरून खालीच बसले. दारू कोणी दिली, तेही आशाबाईंनी विचारून घेतलं. बिरजू आता आपल्याशी बोलणार नाही.

घरी पोचल्यावर लटारूभाऊंना अंगणातच धरलं आणि ठिपके का पडतात ते समजावलं. लिंबू, कॅन, मोह, सगळं. भाऊ मन लावून ऐकत होते, मध्ये थोडा वेळ डोळे मिटून. आईने साधनाच्या हाती चहा पाठवला. मी म्हटलं, ठेवा तिथे, कारण तेव्हा मी डाव्या दारावर होतो. नंतर ती परत येऊन नुसतीच उभी राहिली. काही म्हणालीही असेल.

जाताना आशाबाई म्हणाल्या, स्टँडपर्यंत पायीच जातो. वासामुळे असणार. होकार नक्की. आता निवांत फोन करता येईल.

२५ मार्च, बुधवार
आशाबाईंचा आईला फोन आला. नकार.

मला वाटलं, दारूमुळे. तसं नाही. पोरगा पेत नाई हे म्या स्वतः पाह्यलं, म्हणाल्या. घर चांगलं, माणसंही चांगली. साधनाच नाही म्हणते. रोज फोनची वाट पाहिली म्हणे तिने. घरी आली, तर तिथेही तेच. "माझ्यासंग एक शब्द नाई बोलले. त्याईले गाडी आवडते, तं गाडीसंगच राहू द्या."

आईला म्हटलं, हे सगळं तिच्यासाठीच तर करत होतो. तिनेच ठिपके दाखवले होते.

आई म्हणाली, "भूपेश, तिले ठिपक्याचं काय करायचं होतं? तुझ्यासंग बोलाले निमित्त काढलं होतं तिनं."

आज दुकान उघडलं नाही. रविवारी साधनाने काय घातलं होतं, ते आठवत बसलो. साडी होती की ड्रेस, तेही आठवत नाही. डाव्या दारावर कुठे कुठे ठिपका होता, ते मात्र डोळे मिटून सांगू शकतो.