चोरनळीची किल्ली

मी, कारखान्यात 'रंगवाल्या बाई' म्हणून ओळखली जाणारी, वय एकाहत्तर, धंदा कापड रंगवण्याचा, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील म्हणाला. कुणाचा दबाव नाही. दबाव आणणारा एकच होता, नवरा. तो बारा वर्षांपूर्वी वारला.

१. राहतं घर मुलाला. गच्ची गळते, तीही त्यालाच.

२. कारखाना, सहा रंगटाक्या आणि बॉयलर सुनेला. मुलाने तोंड वाकडं करू नये. तो खुर्ची उबवतो. ती रोज टाक्यांत वाकून बघते.

३. ऑफिसात टांगलेलं 'पर्यावरणस्नेही पुरवठादार' हे प्रमाणपत्र मुलाला. ते कसं मिळालं तेही लिहिते, म्हणजे मिरवताना जरा लाज वाटेल. आपलं कापड घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या पत्रात पहिल्या ओळीत सांडपाणी शुद्ध हवं असतं, दुसरीत दर कमी. दोन्ही कसं जमवायचं, हे तिसऱ्या ओळीत कधीच नसतं. म्हणून शुद्धीकरणाचं यंत्र आम्ही फक्त तपासणीला चालवायचो. आदल्या दिवशी त्याच्या शेवटच्या टाकीत नळाचं पाणी भरून दुकानातले बारा मासे सोडायचे. पोहणारे मासे बघून कंपनीचा तपासनीस खूश. एकदा त्याने विचारलं, "हे खातात काय?" मुलगा म्हणाला, "साहेब, इथे त्यांना काही कमी नाही." यंत्र बंद झालं की हवा न मिळून मासे मरायचे, पण तपासणी एकाच दिवसाची असे.

४. एरवी सांडपाणी बॉयलरमागच्या चोरनळीने ओढ्यात जातं. तिच्या झडपेची किल्ली माझ्या कनवटीला असते. माझ्या निधनानंतर सुनेने ती नळी सिमेंटने बुजवावी.

ओढ्याच्या खालच्या अंगाला माझा धाकटा भाऊ राहतो. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बोअरिंगला लाल पाणी आलं. त्याने बाटली भरून माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी म्हटलं, "गंज असेल." गंज नव्हता. आमचाच त्या आठवड्याचा रंग होता, आणि ते मला बघताक्षणी कळलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मला त्याची फार आठवण येते.

५. ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये, असं वकील म्हणाला. धाकट्याला मी काहीच देत नव्हते, म्हणून त्यालाच बोलावलं. आला. उभ्यानेच सगळं वाचलं.

"ताई, तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत. डॉक्टर म्हणतात, अजून पंधरा वर्षं मला काही होत नाही."

"मग तोवर आम्ही काय प्यायचं?"

मुलगा मध्ये पडला. "मामा, ऑर्डर जाईल. ऐंशी माणसं आहेत इथे."

ते खोटं नाही. मलाही भीती वाटते. पण मी कागद पुढे ओढला आणि पेन परत उघडलं.

दुरुस्ती: कलम चारमधले 'माझ्या निधनानंतर' हे शब्द मी खोडले असून शेजारी सही केली आहे. गवंड्याला निरोप गेला. कंपनीला खरं काय ते सून कळवील, आणि दराचंही तोंडावर विचारील. बाकीची कलमं मी मेल्यावर. त्यांची घाई नाही.

स्थळ: कारखान्याचं ऑफिस
दिनांक: तीन मार्च, सोमवार
सही: रंगवाल्या बाई

साक्षीदार पहिले: डॉक्टर. नाडी बघून सही केली.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. गवंड्याचं काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाही म्हणतो. खुर्ची घेऊन बॉयलरमागे जाऊन बसला आहे.