चार चाकं, आहे तशी

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कारणं दोन. एक, रोज लिहिलं की रागावर ताबा येतो असं एका व्हिडिओत पाहिलं. (मला राग येत नाही. पण आलाच तर सोय असावी.) दोन, आचल.
काल ती स्वतः आमच्या फाटकापर्यंत आली. तिच्या बाबांकडे, म्हणजे अण्णाजींकडे, गुडघ्याएवढा सागवानी नंदी आहे. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली लेकरं तो देवळापर्यंत ओढत नेतात; तिथे नंदींची स्पर्धा असते. यंदा त्याची लाकडी चाकं किडीने खाल्ली. म्हणाली, "धनूभाऊ, तुह्या रिमोटच्या गाडीची चाकं देशीन काय? एका दिवसापुरती. आहे तशीच दे, चालन."
आहे तशी! ज्याला अर्थ कळायचा त्याला कळतो.
'भाऊ'वर जाऊ नये. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरलाही भाऊच म्हणतात. शिवाय राखीला मी समुद्रपूरला मावशीकडे होतो. मुद्दाम. दोन दिवस.

सकाळी ७.४०.
आहे तशी देणार नाही. टायर झिजून गुळगुळीत झालेत, एकाला चीर गेलीय. असले टायर आचलच्या नंदीला? नवा सेट ऑर्डर केला. १९ पर्यंत येईल. तोवर जुने काढून रिम चकाचक करायच्या. चार टायर, प्रत्येकी दहा मिनिटं.

दुपारी २.
या गाड्यांचे टायर रिमला चिकटवावे लागतात, नाहीतर वेगात निसटतात. दोन वर्षांपूर्वी गावातल्याच मुकेशशी गाड्यांची शर्यत लावली तेव्हा वळणावर माझा एक निसटला आणि मुकेश दात काढून हसला. त्या जिद्दीत (राग नव्हे) मी एकेका रिममध्ये सुपरग्लूची आख्खी ट्यूब ओतली होती.
आज पक्कड लावून ओढलं. पक्कड सुटली, मी तुळशीवर पडलो. आपण काम किती पक्कं करतो ते आज कळलं.

१३ ऑगस्ट.
इंटरनेटवर एका गोऱ्याने सांगितलंय, उकळा. दुधाच्या पातेल्यात वीस मिनिटं उकळलं. आई आली. "काऊन रे, दुधाच्या गंजात काय शिजवून राह्यला?" मी म्हटलं, इंजिनिअरिंग आहे. म्हणे, "ते तं सोडलं ना तू?"
सोडलं नाही. सरांनी माझ्या प्रोजेक्टला सगळ्या वर्गापुढे खेळणं म्हटलं, म्हणून तिसऱ्या सेमिस्टरला मी बाहेर पडलो. तत्त्वाचा प्रश्न होता. सोडणं वेगळं, बाहेर पडणं वेगळं.
टायर गरम झाले, बोटं भाजली, ग्लू हसत बसला. संध्याकाळी बाबांनी चहाचा घोट घेतला आणि कपाकडे पाहत राहिले. "आज चहाले ट्रॅक्टरचा वास येऊन राह्यला." मी शेतात गेलो.

१४ ऑगस्ट.
ग्लू ॲसिटोनमध्ये विरघळतो. ॲसिटोन नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं. केमिस्ट्रीत मला बासष्ट होते, उगाच नाही.
सेलूला जाऊन नलूवहिनींच्या जनरल स्टोअरमधून सहा बाटल्या आणल्या. वहिनी म्हणाल्या, "सहा? किती बोटं आहेत रे तिची?" मी सुटे पैसे मोजून दिले. पुरुषाने कमी बोलावं.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदन. चार बाटल्या डब्यात ओतून चाकं काल दुपारपासून त्यात बुडवून ठेवलीत. गुलाबाचा वास सुटलाय. ग्लू जागचा हललेला नाही. आत्ता बाटली नीट वाचली. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, ॲसिटोनविरहित. नखांना अपाय नाही.
फसवणूक! कंपनीला कडक मेल लिहिला. मग पाठवला नाही. राग येत नाही मला.
झेंडावंदनाहून परतताना आचल भेटली. नलूवहिनींचं तोंड म्हणजे लाऊडस्पीकर. "धनूभाऊ, आजकाल नखं रंगवून राह्यले म्हणे?" आणि हसली. हसण्यात जळफळाट होता. कोणासाठी घेतल्या असतील हा विचार तिला रात्रभर छळणार. चाकं झाली का, असंही विचारलं. मी म्हटलं, झाल्यातच जमा.

१७ ऑगस्ट, रविवार.
मुकेश भेटला. केळझरला मामाच्या गॅरेजमध्ये असतो. म्हणे, "आण बे इकडं, पाहून देतो." गॅरेजवाल्याने मला शिकवायचं! मी म्हटलं, दोन निघाले, दोन उरलेत. म्हणे, "मंग हातात चारही काऊन आहेत?"
निश्चय: मुकेशची मदत घ्यायची नाही. मेलो तरी.
घराला रंग देणाऱ्या पेंटरकडून थिनर आणलं. प्रयोग म्हणून एकच चाक टाकलं. शास्त्रीय पद्धत असते ती. तासाभराने पाहिलं तर टायर ठणठणीत आणि आतली प्लास्टिकची रिम बर्फीसारखी मऊ. बोटाचा ठसा उमटला.
तीन उरली. थिनरने विश्वासघात केला.

१८ ऑगस्ट.
ब्लेडने कापायला घेतलं. अंगठा कापला. कोणीतरी एक चाक वांग्याच्या वाफ्यात फेकलं. त्या वेळी तिथे मीच होतो, पण फेकलं म्हणण्यापेक्षा हातून सुटलं म्हणू. चाळीस फुटांवर. संध्याकाळपर्यंत शोधलं. नाही.

१९ ऑगस्ट.
चाक सापडलं. सेलूच्या बाजारात.
बाबांनी पहाटे क्रेट भरले, त्यात काळ्या वांग्यांबरोबर तेही गेलं. एका बाईने ते हातात धरून विचारलं, "हे कोन्त्या जातीचं आहे जी?" बाबा म्हणे, "हे माह्या पोराच्या जातीचं. शिजत नाई." सगळा बाजार हसला म्हणे. घरी आल्यावर त्यांनी चाक माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि काही बोलले नाहीत. आई बोलली. बरंच.
पार्सल आलं नाही.
पण त्या अपमानातून कल्पना सुचली. वांगं!

२० ऑगस्ट, बुधवार. दुपारी १.
वांगं कसं सोलतो? आधी भाजतो. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, निखारे बाजूला केले आणि गरम राखेत एक चाक पुरलं. पंधरा मिनिटांनी काढून चिमट्याने टायरची कड धरली. सालासारखा निघाला! अख्खा! आत रिम जशीच्या तशी!
मी ओरडलो. आई धावत आली, कोणाला साप चावला म्हणून. त्या गोऱ्यांना अजून चूल माहीत नाही, त्याला मी काय करू. उरलेली दोन लगेच राखेत टाकली. मऊ झालेल्या रिमला थोडं फेविक्विक, थोडा सॅंडपेपर. म्हणजे चारही झाली. कॉलेजच्या सरांना फोटो पाठवावा काय?

दुपारी ३.
आचल कढीपत्ता न्यायला आली होती. झाडापाशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. म्हणजे ती दोन मिनिटं बोलली आणि गेली. मी त्यावर विचार करत उभा होतो. मग वास आला.
राखेत दोन काळे गोळे होते. टायर कुठे संपतो आणि रिम कुठे सुरू होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही.
मऊ रिम फेविक्विकने हातालाच चिकटली. गुलाबाच्या वासाचं रिमूव्हर तिथेही चाललं नाही.

२१ ऑगस्ट.
आज खांदेमळणी. बाबांनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि दरवर्षीसारखं त्यांच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला भरून आलं. बैलाला इतक्या सरळ बोलावता येतं. मग मीच काय घोडं मारलंय?
ठरवलं. आज आचलला सरळ विचारायचं, उद्या सणाला आमच्याकडे जेवायला येशील का. पुढचं सगळं जेवणावर. गोठ्यात बैलापुढे उभं राहून अकरा वेळा तालीम केली.

संध्याकाळी ६.
ती विहिरीवरून येत होती. मी पुढे झालो. तोंडातून निघालं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."
ती थांबली. म्हणे, "माह्या खांद्यालेही लोणी लावशीन काय?"
नाही म्हणाली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

२२ ऑगस्ट. पोळा.
ती आली नाही. बैल आले. पुरणपोळी खाल्ली. उद्या नंदीला काय लावायचं याचा विचार तिसऱ्या पोळीनंतर सुचेनासा झाला.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा.
सकाळी आठलाच अण्णाजींकडे गेलो. खिशात एक रिम. एकच, पण निष्कलंक. वाटेत भाषण तयार केलं, की प्रेमात संख्या नसते.
अंगणात नंदी उभा होता. चार चाकांवर. मुकेशने जुन्या प्रवासी बॅगेची चाकं काढून बसवली होती. अण्णाजी म्हणाले, "पंधरा मिनिटांत केलं गा पोट्ट्यानं." मुकेश चहा पीत होता. पोहेही होते.
मी रिम आचलच्या हातात दिली. तिने उलटीसुलटी करून पाहिली. "टायर काऊन काढला पण? टायरसाठीच तं मागतली होती ना. रबर असते तं नंदी गुपचूप गेला असता. आहे तशीच दे म्हटलं होतं तुले."
मी म्हटलं, रिम चकाचक केलीय. ती म्हणाली, हो, दिसते.
नंदी खडखडाट करत देवळापर्यंत गेला. आवाज अख्ख्या गावाने ऐकला. दुसरा नंबर आला. बक्षिसाचा स्टीलचा डबा मुकेशने धरला होता, फोटोत.
मला राग आला. लिहून टाकतो. आला.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.
पार्सल आलं. आत चार नवे टायर, नव्या रिमवर, कंपनीतूनच चिकटवून. ऑर्डर करताना मी फक्त फोटो पाहिला होता. म्हणजे जुने काढायची गरजच नव्हती. ओढून पाहिलं. पक्के आहेत.

सकाळी ११.
आचल आली. फाटकापर्यंत. मी नवी चाकं घेऊन धावलो. तिने ती हातात घेतली, छान आहेत म्हणाली आणि परत दिली. मग हळूच म्हणाली, "धनूभाऊ, ते नखांचं रिमूव्हर उरलं आहे काय? चार वाजता तळेगावचे पाहुणे येऊन राह्यले, मले पाहाले. सणाचा लाल रंग आई काढ म्हणते."
या वेळी कंडक्टर आठवला नाही.
दोन बाटल्या उरल्या होत्या, न उघडलेल्या. दिल्या. आहे तशा.