दुधाच्या नळीने मोजलेले मीठ

लातूर,
दि. १२ मे १९९९

चि. शिवशंकर यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद. आपली व मुलांची प्रकृती ठीक असावी, विष्णुपुरीचे ऊन सुसह्य असावे. माझा रक्तदाब आदर्श आहे. नांदेडला तुमच्याकडे कायमचे राहायला यावे या आपल्या आग्रहास वर्षभरात चार वेळा सविस्तर नकार कळवला असल्याने पुनरुक्ती करीत नाही. पत्रास कारण मासा.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सारे लातूर अंगणात झोपत होते तेव्हा, हादरा माशांना आधी कळतो असे कोणीतरी सांगितल्यावरून तुमच्या अक्कांनी दोन सोनमासे आणले होते, हे स्मरत असेल. (यास शास्त्रीय आधार नाही, हे मी त्यांना अर्धा तास समजावले. पंचविसाव्या मिनिटास त्या झोपल्या होत्या.) मासे निवांत दिसले की "चला, आत झोपू" असे त्या म्हणत. त्यांच्या पश्चात वर्षभर मी झोपण्यापूर्वी काचपेटीत डोकावतो, ते केवळ निरीक्षण म्हणून. आता एकच मासा उरला आहे, आणि गेल्या सोमवारी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले. दोन रात्री मला झोप नाही. उकाडा फार आहे.

मासे विकणारे ताहेरभाई म्हणाले, "सरजी, खडा मीठ टाका. लिटरला तीन ग्राम. ज्यादा झालं तर मछली गेली समजा." उपाय सोपा होता, परंतु पाण्यात मीठ खरोखर किती झाले, हे मोजल्याविना मानणे माझ्या स्वभावात नाही. घरात एकच विश्वासू उपकरण होते: ज्या काचनळीने मी अकरा वर्षे भुजंग गवळ्याचे दूध रोज तपासतो, ती. दूध दाट असेल तर नळी वर तरंगते. मग खारे पाणीही दाटच की! नळी पेटीत सोडली, तर ती शून्याच्याही, म्हणजे साध्या पाण्याच्या खुणेच्याही, खाली बसली. मी मीठ घातले. नळी ढिम्म. आणखी घातले. असे करीत पाव किलोचा पुडा संपला तेव्हा कुठे नळी शून्यावर आली, आणि मासा आडवा झाला.

नेमका त्याच क्षणी भुजंग दारात. पेटीतली नळी पाहून तो इतका हसला की किटली खाली ठेवावी लागली. "काका, पानी तापलंय! तापल्यावर नळी खालीच बसती. अकरा उन्हाळे हेच बोंबलून सांगायलोय, दूध खोटं न्हाई, नळी खोटी हाय!" मी म्हणालो, हे तू तेव्हा नीट मांडले नाहीस. "अक्काला पटलं होतं की. मागल्या दारानं येऊन म्हणायच्या, भुजंगा, मनावर घेऊ नको, त्यांना मोजू दे." (ही माहिती मला नवीन आहे.)

वरच्या खोलीत चाकूरची ऋतुजा भाड्याने राहते, वैद्यकीय प्रवेशासाठी तीन शिकवण्यांना जाते. तिला हाक मारली, तर म्हणाली, "काका, पर्याय सांगा." मी चार सांगितले. तिने "यापैकी नाही" निवडले आणि बादली उचलली. माझ्या गणिताने पेटी चोपन्न लिटरची. परंतु मी ती बाहेरून मोजली होती, त्यात काठ, वाळू, दगड सारे धरून. बादल्यांनी मोजता पाणी छत्तीस लिटर निघाले. म्हणजे लिटरला सात ग्रॅम! अर्धे पाणी काढून तितकेच साधे घातले, साडेतीन उरले. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही, म्हणून वरून साधेच पाणी घालायचे, हेही तिनेच सांगितले. मासा संध्याकाळी सरळ झाला. भुजंगाचे दूध यापुढे मोजणार नाही.

तरी तुमच्या प्रयोगशाळेतील, पाण्यातले क्षार मोजणारा विद्युत मीटर चार दिवसांसाठी पाठवावा, ही विनंती.

आपला,
भावजी

ता. क. मीटर पाठवू नये. ऋतुजा म्हणते, आमच्या बोअरच्या पाण्यात मुळातच इतके क्षार आहेत की मीटर तेही मोजील.

ता. क. २. तुमच्या नळास गोदावरीचे पाणी येते की बोअरचे? निव्वळ कुतूहल. ऋतुजाची परीक्षा रविवारी आटोपते, मग ती गावी जाईल. तुमच्या बाहेरच्या खोलीत पलंगाशेजारी दोन फुटांची काचपेटी बसेल काय, ते आतून मोजून कळवावे. माशास एकट्याने प्रवास करता येत नाही.