डाव्या शॉकमधलं तेल

पनवेल, ७ जानेवारी २०२५

ती. कुमुदमावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून चकित होशील. पण हे फोनवर बोलता येत नाही. माझा फोन सत्यजीत उघडून बघतो. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

आम्ही नवरा-बायको कोन गावच्या माळावर रिमोटच्या गाड्या पळवतो, हे तू हसत हसत अख्ख्या आपट्याला सांगितलंच असशील. परवा मी पुन्हा हरले. गाडीच्या प्रत्येक चाकाला तेल भरलेला बोटाएवढा शॉक असतो. तेल जाड की पातळ, यावर उडीनंतर गाडी कशी टेकेल ते ठरतं. शनिवारी सरावात माझी गाडी मांजरीसारखी उतरत होती. रविवारी पहिल्याच उडीला उजवीकडे कलंडली. दाबून पाहिलं, तर पुढचा डावा शॉक ताठ. कुणीतरी आतलं तेल बदललंय.

सत्यजीत म्हणतो, हे ट्रॅकवाल्या ओवेसचंच काम. मलाही तसंच वाटतंय. ज्यानं मला शॉक भरायला शिकवलं, त्याच्याशी मी बोलणं टाकलंय.

काकांना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
कादंबरी

आपटा, १३ जानेवारी

चि. सौ. कादंबरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. सोबत तिळगूळ आहे, मुंग्यांनी ठेवला तर खा.

तुझ्या खेळण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण विचारते, रागावू नकोस. शनिवारी रात्री गाडी असते कुठे, ओवेसकडे की तुझ्या घरी? तो शर्यतीत उतरतच नाही, असं तूच दिवाळीत म्हणाली होतीस. मग तू हरलीस की पहिला कोण येतो?

आळ घेण्याआधी काही खूण करून ठेव. काका चोरून लोणचं खायचे, तेव्हा मी बरणीला दोरा बांधायची.

आणि फोनचं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी त्याच ओळीवर थांबलेय.

जिवाला जप. तुझ्या पत्राची वाट पाहत,
मावशी

पनवेल, २७ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शनिवारी शॉकच्या झाकणाच्या सांध्यावर नेलपॉलिशचा थेंब लावून ठेवला. सकाळी पाहिलं तर तो चिरलेला. घरात आम्ही दोघंच. सत्यजीत चहा गाळत होता. मी चहा घेतला.

ट्रॅकवर मात्र सगळ्यांसमोर शॉक उघडला. तेल मधासारखं ओघळलं. सत्यजीतला विचारलं, हे तू केलंस का? आधी हसला, गंमत म्हणाला. मग आवाज चढला. बायकोकडून दर रविवारी हरायचो म्हणून लोक हसायचे, ते तुला दिसलं नाही, म्हणाला. फोन का बघतोस, असं विचारलं, तेव्हा मात्र रिमोटच्या बॅटऱ्या बदलायला लागला.

ओवेसची माफी मागितली. त्यानं तेलाची बाटली पुढे केली आणि एवढंच म्हणाला, भाभी, भरताना हवा राहू देऊ नका. मी जिंकले. आनंद झाला नाही.

शुक्रवारी तुझ्याकडे येतेय. परत कधी येशील, असं सत्यजीत सारखं विचारतोय. मी म्हटलं, ठरवलेलं नाही. त्याला वाटतं मी रागानं बोलतेय. मावशी, मी खरंच ठरवलेलं नाही.

पदराखाली घे म्हणजे झालं.

तुझी,
कादंबरी